पहिली गोळी

काका,

समोर मी तुम्हाला नावानंच हाक मारायचो, कारण तिथली पद्धत तशी होती, आणि दर वेळी माझी जीभ क्षणभर अडखळायची. वडिलांपेक्षा वयानं मोठा माणूस, त्याला नुसत्या नावानं पुकारायचं! घरी बायकोला पत्र लिहिताना मात्र मी तुम्हाला काकाच म्हणत असे. 'आज काका रागावले', 'शनिवारी काकांकडे जेवलो', असं. तिला बरेच महिने वाटत होतं की मला तिकडे कुणी मराठी गृहस्थ भेटलेत. तुम्हाला मराठीचं एक अक्षर येत नव्हतं. तेव्हा हे पत्र तुमच्या हातात पडलं असतं तरी तुमच्या पदरी काही पडलं नसतं. खरं सांगायचं तर म्हणूनच ते मराठीत लिहायचा धीर होतोय.

तुम्ही मला भेटलात तेव्हा तुमचं जे वय होतं त्याच वयाचा मी आता झालोय. ॲरिझोनात, चँडलरला राहतो. बायको तीन आठवड्यांपूर्वी अल्फारेटाला लेकीकडे गेली, नातीला सांभाळायला. फोनवर नात 'हाय आजोबा' म्हणते आणि लगेच 'बाय आजोबा'. मग फोन आईकडे जातो. सकाळपासून दुपारपर्यंत माझ्या तोंडून एक शब्द निघत नाही असे दिवस सध्या जाताहेत. बाहेर ऊन इतकं की रस्त्यावर माणूस दिसत नाही. अशा वेळी मला तुमची ती खडीची जुनी खाण आठवते. तिथेही आपण दोघं तासन्‌तास बोलत नसू, पण ते न बोलणं वेगळं होतं. समोर शंभर यार्डांवर कागद असायचा, आणि दोघांचंही लक्ष त्या एकाच कागदावर असायचं.

ऐंशीच्या दशकाचा मध्य होता. मी नुकतं मास्टर्स संपवलं होतं आणि मॅसॅच्युसेट्समधल्या एका जुन्या गिरणीच्या विटांच्या इमारतीत नोकरीला लागलो होतो. कारखाना छोटा, माणसं जेमतेम पंधरा. रायफलींच्या नळ्या बनवायच्या आणि दुसऱ्या कंपन्यांच्या रायफली तपासून द्यायच्या, असा धंदा. मी शाकाहारी घरातला, सांगलीचा. आईला मी 'मोजमापाचं काम आहे' एवढंच कळवलं होतं. मालकांनी माझ्या ग्रीन कार्डाचे कागद भरायचं कबूल केलं होतं, आणि मला तेवढंच हवं होतं. लग्नाला दीड वर्ष झालं होतं. त्यातले बावीस दिवस आम्ही एकत्र काढले होते. सासऱ्यांनी स्वच्छ सांगितलं होतं, तुमचे कायमचे कागद झाल्याशिवाय मुलीला पाठवणार नाही. मी एका लाकडी घराच्या तिसऱ्या मजल्यावर भाड्यानं राहत होतो. शनिवार-रविवारी श्रूजबरीतल्या मराठी मंडळींकडे कुणी बोलावलं तर जायचो. ती सगळी डॉक्टर मंडळी, मुलंबाळं असलेली, मोठ्या घरांची. प्रेमानं वाढायची. पण परत निघताना उरलेलं डब्यात भरून देत तेव्हा आपण एकटे आहोत हे जास्तच कळायचं.

पहिल्या दिवशी मालकांनी मला गिरणीमागच्या खाणीवर, जिथे रायफली तपासत, तुमच्याकडे नेलं आणि म्हणाले, "हा आपला नवा इंजिनिअर. याला मोजता येतं." तुम्ही टेबलाशी बसला होतात, खाली तुमची ती निळी उशी, बाजूला थर्मास. माझ्याकडे न बघताच म्हणालात, "छान. बघता येतं का?"

काम वरवर सोपं होतं. टेबलावर वाळूच्या पिशव्या, त्यांवर रायफल टेकवायची, एकाच ठिकाणी नेम धरून पाच गोळ्या मारायच्या, आणि कागदावरच्या पाच भोकांपैकी सगळ्यांत लांबच्या दोन भोकांमधलं अंतर मोजायचं. त्याला ग्रुप म्हणायचे. ग्रुप जितका लहान तितकी रायफल भरवशाची. तुम्ही गोळ्या मारायच्या आणि मी मोजायचं. दोन महिन्यांनी तुम्ही मलाही टेबलाशी बसवलंत. मी कधी गलोलसुद्धा हातात धरली नव्हती, पण कागदावर मारायला काय, म्हटलं. एका सकाळी माझे तीन नेम एकाला एक चिकटून लागले आणि चौथा भलतीकडे गेला. मी तो कागद चुरगाळून टोपलीत टाकला आणि नवा लावायला उठलो.

"कागद कुठाय?" तुम्ही विचारलंत.

"टाकला. चौथ्या गोळीला माझा हात हलला."

"हात हलला हे तू भोक बघायच्या आधी बोललास की बघितल्यावर?"

मी टोपलीकडे बघितलं.

"आधी बोलला असतास तर चूक तुझी होती. बघून मग बोललास, तर ती रायफलीची. काढ तो कागद बाहेर."

मी टोपलीत हात घालून तो कागद काढला, मांडीवर सरळ केला आणि मोजला. तुम्ही आवाज चढवला नव्हता, तरी माझे कान तापले होते. त्या रात्री बायकोला लिहिलेल्या पत्रात मी लिहिलं, काका फार खडूस आहेत. आठवड्यानं त्याच पत्त्यावर दुसरं लिहिलं की नाहीत.

तुमच्यामुळेच मी त्या गवळणबाईंच्या शेतावर गेलो. कारखान्यापासून वीस मैलांवर त्यांच्या चाळीसेक गायी होत्या. नवरा गेलेला, साठीच्या बाई एकट्या सगळं बघायच्या. त्यांच्या कुरणात वुडचकनी बिळं केली होती. वुडचक म्हणजे मांजराएवढा, लठ्ठ, तपकिरी प्राणी, दिसायला मोठा गोंडस, पण गवतात लपलेल्या त्याच्या बिळात पाय जाऊन बाईंच्या एका कालवडीचा पाय मोडला होता, आणि तिला मारावं लागलं होतं. शेताची अशी नासधूस करणाऱ्या जनावरांना तिकडे व्हार्मिंट म्हणतात. तुम्ही जूनपासून दर रविवारी तुमची जुनी रायफल घेऊन जात होतात. ती हातानं बोल्ट ओढून एकेक काडतूस भरायची. मी मोठी दुर्बीण घेऊन तुमच्याशेजारी गवतात पालथा पडायचो. वुडचक बिळातून डोकं बाहेर काढतो, मागच्या पायांवर उभा राहतो, आणि तुमच्याकडे असते ती तेवढी एक वेळ. पहिली गोळी चुकली की तो आत. दुसरी मारायला समोर काही उरत नाही.

एका रविवारी वारा मधेच फिरला आणि तुमची गोळी मागे लागली. मी दुर्बिणीतून बघत होतो. तो पुढच्या दोन पायांवर स्वतःला ओढत बिळात गेला. तुम्ही रायफल रिकामी करून गाडीवर ठेवलीत, बाईंच्या गोठ्यातून फावडं आणलंत आणि खणायला लागलात. दगडाळ जमीन ती. दीड तास खणत होतात. मी फावडं मागितलं तर दिलं नाहीत. शेवटी तो सापडला आणि तुम्ही त्याला संपवलंत. मी नको ते विचारलं, "तसाही तो मेलाच असता ना आत?"

"मेला असता," तुम्ही घाम पुसत म्हणालात. "उद्या संध्याकाळपर्यंत."

रायफलीचा नेमकेपणा कशासाठी मोजायचा हे मला कुठल्या पुस्तकानं सांगितलं नाही. ते त्या खड्ड्याशी कळलं.

तुमच्या स्वयंपाकघरात टेबलाला दोन खुर्च्या होत्या. एक तुमची. दुसरीवर तुमच्या बायकोचा स्वेटर तिच्यामागे सहा वर्षं तसाच होता. पहिल्यांदा मी जेवायला आलो तेव्हा तुम्ही तो उचलून दाराच्या खुंटीला अडकवलात, आणि नंतर तो तिथेच राहिला. शनिवारी तुमच्याकडे बीन्स असत. गुळाच्या काकवीसारखी मळी घालून दिवसभर भट्टीत ठेवलेल्या. त्यात डुकराचा तुकडा असतो हे कळल्यावर मी नुसता पाव खाल्ला होता. पुढच्या शनिवारी भट्टीत दोन मडकी होती. लहान मडक्याच्या झाकणावर तुम्ही खडूनं माझं नाव लिहिलं होतंत, चुकीच्या स्पेलिंगनं. कुणी माझ्यासाठी वेगळं काही शिजवून दोनेक वर्षं झाली होती. पुढच्या वेळी आईनं पाठवलेलं लिंबाचं लोणचं घेऊन आलो. पहिल्या घासाला तुमच्या डोळ्यांतून पाणी आलं, आणि तुम्ही बरणी आपल्याकडे ओढून घेतलीत.

त्या दिवाळीला मी तुम्हाला श्रूजबरीला घेऊन गेलो. बूट काढल्यावर तुमच्या मोज्याला भोक निघालं आणि तुम्ही ते दुसऱ्या पावलानं झाकून अर्धा तास उभे राहिलात. यजमान डॉक्टरांनी विचारलं, तुम्ही दोघं काय काम करता? तुम्ही चकली चावत म्हणालात, "मी गोळ्या मारतो. हा मोजतो." एका काकूंना जे हसू फुटलं ते थांबेचना. गाडीत बसल्यावर तुम्ही मला विचारलंत, "माझं काही चुकलं का?"

पुढच्या वसंतात त्या रायफली आल्या.

वीस होत्या. दुसऱ्या राज्यातल्या एका कंपनीनं खास व्हार्मिंट शिकारीसाठी बनवलेल्या, सेमी-ऑटोमॅटिक. म्हणजे पहिलं काडतूस आपण हातानं भरायचं, चाप ओढला की गोळी सुटते, आणि पुढचं काडतूस रायफल स्वतःच आत ओढून घेते. ज्यांना बोल्ट ओढणं जड जातं त्यांना सोयीची. कंपनीला प्रत्येक रायफलीसोबत एक छापील कार्ड द्यायचं होतं: पाच गोळ्यांचा ग्रुप अमुक इंच, आणि खाली आपल्या कारखान्याची सही. आधी या वीस नगांवरून अहवाल, मग प्रत्येक खेपेची तपासणी. मालकांसाठी हे काम फार मोठं होतं. गिरणीतली दोन मशीनं बंद पडून होती.

तुम्ही पहिलीच रायफल मारलीत आणि थांबलात. चार भोकं एका जागी, सुरेख. पहिलं मात्र वर आणि उजवीकडे, दीड इंच लांब. दुसरी रायफल घेतलीत. तसंच. तिसरी, चौथी, तसंच. मी म्हटलं, नळी थंड असते म्हणून असेल. तुम्ही नळी तापवून बघितलीत, साफ करून बघितलीत, घाण ठेवून बघितलीत. चार दिवस आपण त्याच मागे होतो. पाचव्या दिवशी तुम्ही पाचही काडतुसं एकेक करून हातानं भरलीत. पाचही गोळ्या वर उजवीकडे लागल्या, एकाला एक चिकटून. मग पाच रायफलीला स्वतः भरू दिल्यात. त्या पाच खाली, त्याही चिकटून. आपण हातानं सरकवलेलं काडतूस नळीच्या घरात एका तऱ्हेनं बसत होतं, आणि रायफलीनं स्वतः दणक्यानं ओढलेलं दुसऱ्या तऱ्हेनं. तुम्ही कागद उन्हात धरलात आणि लहान मुलासारखे खूश झालात. "ही एक रायफल नाहीच," म्हणालात. "या दोन आहेत. दोन्ही चांगल्या आहेत. फक्त पहिली गोळी दुसऱ्याच रायफलीची आहे." तुम्हाला इतकं आनंदात मी परत कधी बघितलं नाही.

मालकांनी आपल्याला ऑफिसात बोलावलं. ते वाईट नव्हते, काका. आजोबांनी काढलेला कारखाना आपल्या हातून बुडू नये म्हणून धडपडणारा माणूस. म्हणाले, "कंपनीचं म्हणणं आहे, पहिली गोळी नळी तयार करायला मारायची, मोजायची नाही. सगळीकडे असंच करतात."

तुम्ही म्हणालात, "वुडचक दुसऱ्या गोळीसाठी थांबत नाही."

"लोक कागदावरही मारतात."

"तुम्ही कार्डावर व्हार्मिंट लिहिलंय."

मालक माझ्याकडे वळले. "तू इंजिनिअर आहेस. तू सांग. शास्त्राप्रमाणे पहिली गोळी वेगळी धरता येते की नाही?"

मी म्हणालो, "येते."

आणि मग मी समजावून सांगितलं. हातानं भरलेल्या गोळ्या हा एक संच, रायफलीनं भरलेल्या हा दुसरा. दोन वेगळे संच एकत्र मोजणं संख्याशास्त्रात चूक आहे. बोलताना मला स्वतःचा आवाज चांगला वाटत होता. त्यातला शब्द न्‌ शब्द खरा होता. तुम्ही शेवटपर्यंत ऐकून घेतलंत आणि म्हणालात, "बरोबर आहे. मग दोन्ही लिही."

"कार्डावर एकाच आकड्याला जागा आहे," मालक म्हणाले.

त्यांनी मला धमकी दिली नाही. हे मी पुढे बायकोला सांगताना गाळलं आहे. माझ्या ग्रीन कार्डाची फाईल त्यांच्या टेबलावर होती, पण ती तिथे नेहमीच असायची. त्या क्षणी तिच्याकडे फक्त मीच बघितलं. त्यांनी अहवाल पुढे सरकवला. सह्यांसाठी दोन रेघा होत्या. तुम्ही पेन घेतलं नाहीत. मी घेतलं. मालक म्हणाले, इंजिनिअरची एक सही पुरे. तुम्ही उठून खाणीवर गेलात, उशी आणि थर्मास घेऊन परत आलात, आणि पुढच्या दाराशी मला भेटलात. मला वाटलं आता बोलाल. मला तुम्ही बोलायला हवे होतात.

"बायको कधी येतेय?" तुम्ही विचारलंत.

"कागद झाले की."

"हं," म्हणालात, आणि गेलात. परत कामावर आला नाहीत.

त्यानंतर सव्वा वर्ष मी तुम्हाला टाळलं. तुम्ही एकदा फोन केला होतात, शनिवारी बीन्स आहेत म्हणून. मी म्हणालो, श्रूजबरीला जायचंय. कुठे गेलो नाही. खिडकीशी बसून राहिलो, समोरच्या घराच्या जिन्यांवर लोक वाळत घातलेले कपडे काढत होते ते बघत. खाणीवर आता मी एकटा असायचो. मीच मारायचो, मीच मोजायचो. पहिली गोळी बाजूच्या मातीत मारायची, मग कागदावर पाच. मातीतली ती गोळी कुठे लागते ते मी हळूहळू बघायचंही सोडून दिलं. कार्डांचे गठ्ठे यायचे, मी सह्या करायचो.

दुसऱ्या वर्षी सप्टेंबरात एका दुपारी गवळणबाई कारखान्यात आल्या. गोधडीत गुंडाळलेली रायफल त्यांनी काउंटरवर ठेवली आणि शर्टाच्या खिशातून कार्ड काढलं. "ही सही तुझी ना?"

"हो."

"माझ्या बोटांना संधिवात झालाय. बोल्ट ओढवत नाही. म्हणून ही घेतली. कार्डावर तुझं नाव बघून घेतली, त्याच्याबरोबर येणारा मुलगा म्हणून. उन्हाळ्यात तीन जनावरं जखमी होऊन बिळात गेली. खणून काढायला माझ्याच्यानं होत नाही. चाळीस वर्षं नेम धरतेय मी. बसून धरला, आडवं पडून धरला, श्वास रोखून बघितला. माझं काय चुकतंय ते सांग."

त्यांनी रायफलीला दोष दिला असता तर मी काहीतरी उत्तर दिलं असतं. कागदावर मी लिहिलं होतं म्हणून त्या उन्हाळाभर चूक स्वतःत शोधत होत्या.

"तुमचं काही चुकत नाही," मी म्हणालो. आणि पहिल्या गोळीचं सगळं सांगितलं. कार्ड परत खिशात घालत त्या म्हणाल्या, "त्याला माहीत होतं?"

"त्यांनी सही केली नव्हती."

"चल," त्या म्हणाल्या. "त्याच्याकडे जाऊ."

तुम्ही दार उघडलंत तेव्हा मला ओळखू येण्याइतकेच राहिला होतात. गालफडं बसली होती, पट्ट्याला नवं भोक पाडलं होतं. तुम्ही बाईंना खुर्ची दिलीत, मला दुसरी. स्वतः ओट्याला टेकून चष्मा लावून ते कार्ड वाचलंत. इतका वेळ वाचलंत की बाई खाकरल्या. त्यावर चार ओळी होत्या, काका. मग कोट चढवून म्हणालात, "उजेड आहे तोवर जाऊ."

बाईंच्या कुरणात तुम्ही गवताच्या गाठोड्यावर रायफल टेकवलीत. हातानं एक काडतूस भरायचं, मारायचं, परत हातानं भरायचं. पाच वेळा. मग रायफलीवरची दुर्बीण हळूहळू फिरवत त्या पाचांवर आणून बसवलीत. "आता ही पहिल्या गोळीची रायफल आहे," बाईंना म्हणालात. "त्यानंतरच्या विसरून जा. पहिली चुकली तर दुसरी मारू नका." खिशातून पेन्सिल काढून माझ्या आकड्याखाली तुम्ही तो दुसरा आकडा लिहिलात. कार्डावर जागा होती. बाई रायफल घेऊन गोठ्याकडे गेल्या, गायी हंबरायला लागल्या होत्या. आपण दोघं गाडीकडे चालत होतो.

"असली किती कार्डं गेली?" तुम्ही विचारलंत.

"चारशेच्या वर."

"मग?"

मी म्हणालो, "माझं ग्रीन कार्ड अजून आलं नाही. ते आलं की त्या कंपनीला पत्र लिहितो. सगळं लिहितो."

ते खोटं होतं. कार्ड येऊन तीन आठवडे झाले होते. रुमालात गुंडाळून मी ते शर्टांच्या खाली ठेवलं होतं आणि रोज सकाळी काढून बघत होतो. तरीही मी तसं का म्हणालो, याचं उत्तर माझ्याकडे नाही. तुम्हाला पटेल असं एकच कारण माझ्याकडे होतं, आणि ते संपलंय हे सांगवलं नाही.

तुम्ही चालता चालता थांबलात. माझ्या खांद्यावर हात ठेवलात. तो हात अगदी हलका झाला होता. "आधी तिला आण," म्हणालात. "मग लिही. लिहिलंस की मला आणून दे. खाली मी पण सही करीन."

जानेवारीत तुम्ही गेलात. स्वयंपाकघरात, भट्टीजवळच्या खुर्चीत, दिवसाढवळ्या. शेजाऱ्यांना दुपारपर्यंत कळलं नाही. तुमच्या अंत्यविधीला चर्चमध्ये अकरा माणसं होती. बाई माझ्याशेजारी बसल्या होत्या. मला प्रार्थनेचे शब्द येत नव्हते म्हणून मी नुसता उभा राहायचो आणि त्या बसल्या की बसायचो. बाहेर आल्यावर त्या म्हणाल्या, सप्टेंबरपासून त्यांनी दोन वुडचक मारले, दोन्ही जागच्या जागी. हे त्यांनी तुम्हाला सांगितलं होतं. मला बरं वाटलं.

मार्चमध्ये बायको आली. विमानतळावर ती मला ओळखू आली नाही, मला वाटलं होतं त्यापेक्षा बुटकी निघाली, आणि आम्ही दोघंही इतके लाजलो की गाडीत बराच वेळ हवामानावर बोलत होतो. एप्रिलमध्ये मी पत्र लिहिलं. तीन पानं, दोन्ही आकडे, तुमचे सगळे कागद जोडून. एक प्रत मालकांपुढे ठेवली. त्यांनी उभ्याउभ्या वाचली. मी नोकरी गेली असं धरूनच आलो होतो. ते म्हणाले, "तुला इतका वेळ का लागला?" आणि थोड्या वेळानं, "मला तरी का लागला!" त्यांनी ते पत्र कारखान्याच्या लेटरहेडवर पुन्हा टाइप करून घेतलं आणि माझ्या सहीच्या वर स्वतः सही केली. दोन महिन्यांत कंपनीनं ती कार्डं बंद केली. आमचं कामही गेलं. आधी विकल्या गेलेल्या चारशे लोकांना कुणी काही कळवलं की नाही, ते मला माहीत नाही. मी विचारलं नाही. वर्षअखेरीस मी इकडे ॲरिझोनात कॉम्प्युटरच्या चिप्सच्या कारखान्यात लागलो, आणि सत्तावीस वर्षं डोळ्यांना न दिसणाऱ्या रेघा मोजल्या. चांगलं नाव मिळवलं. नव्या पोरांना तुमची गोष्ट सांगायचो, कागद टोपलीतून काढायला लावल्याची. त्यांना ती आवडायची. पुढची मी कधी सांगितली नाही. बायकोलासुद्धा अर्धीच माहीत आहे. तिच्या मते, ग्रीन कार्ड आल्याबरोबर तिच्या नवऱ्यानं मोठ्या धैर्यानं पत्र लिहिलं.

हे पत्र मी कुठे टाकणार नाही. टाकायला पत्ता नाही, आणि असता तरी टाकलं असतं का, सांगता येत नाही. पण एवढं लिहिलंच आहे तर एक राहिलेलं लिहितो. तुम्ही गेल्याचा फोन बाईंनी दुसऱ्या दिवशी सकाळी ऑफिसात केला. दहाचा सुमार होता, मी कॉफी ओतत होतो. त्या म्हणाल्या, तो गेला. मी म्हणालो, "ओह." आणि तेव्हा मला जे वाटलं ते दुःख नव्हतं, काका. आता त्या पत्राचं मला कुणी विचारणार नाही, असं वाटलं. हायसं वाटलं. रडू आलं, खूप आलं, पण ते संध्याकाळी.